गाडी गेल्यावरचा तंबू

आधी गाडीची उंची घेतली.
रिकाम्या गाडीची नव्हे. पाण्याची टाकी भरून,
सिलिंडर, गाद्या, मालनचे लोणच्याचे चार डबे चढवून.
वजनानं टेम्पो ट्रॅव्हलर तीन बोटं खाली बसते,
हे कॅटलॉगात लिहीत नाहीत.
पन्हाळीपासून जमिनीपर्यंत आठ फूट सात इंच.
टेप दोनदा धरली.
छत्तीस वर्षं मोजणी खात्यात गेली, हाताला सवय आहे.

पुण्याला एक तंबू पाहिला, हवा भरून उभा राहणारा,
खांब नाहीत, पंप मारला की फुगतो.
मालन म्हणाली, धरणाच्या काठावर पंक्चर कोण काढणार?
दुसरा गाडीलाच कायमचा जोडलेला,
गाडी हलवायची तर सगळं घर गुंडाळायचं.
"मी दूध आणायला गेले तर तुम्ही काय उघड्यावर बसणार?"
गाडी ती चालवते. मी शिकलोच नाही.

शेवटी साताऱ्यातच, राजवाड्यामागच्या बोळात
इलाही शिकलगारांकडे गेलो.
ट्रकच्या ताडपत्र्या आणि मांडवाच्या कनाती शिवणारा माणूस.
सुई दातात धरून सगळं ऐकलं त्यांनी.
"म्हणजे गाडी गेली तरी हा उभा राहायचा?
मग त्याचा कणा त्याला पाहिजे, साहेब.
गाडीच्या जिवावर उभा केला तर गाडीबरोबर पडंल."
मधे कापडाचं भुयार शिवलं, दोन हात लांब,
एक तोंड तंबूला, दुसरं गाडीच्या दाराला.
पट्टे टपावरून पलीकडे टाकून बांधायचे,
निघताना चार बकलं सोडली की गाडी मोकळी.
वाऱ्याला वर एक झडप मागितली.
तिचे पैसे घेतले नाहीत.

बामणोलीच्या अलीकडे, शिवसागरच्या काठी
वर चार बोटं माती, खाली जांभा.
खुंट्या वाकल्या. मग दोरांना धोंडे बांधले.
चारी चाकांशी चुन्याच्या खुणा केल्या.
गाडी परत आली की तिथंच लागली पाहिजे,
नाहीतर भुयार दारापर्यंत पोचत नाही.
मालन हसली. "इथंही हद्द कायम करा."

तिसऱ्या रात्री लाँचवाल्या संकपाळांची बॅटरी
हलत हलत आमच्याकडे आली.
सुनेच्या कळा सुरू, आणि एवढ्या रात्री वाहन नाही.
मालननं बकलं सोडली, मी दोर धरला.
गाडीचे लाल दिवे मेढ्याच्या रस्त्याला वळले.

तंबू पडला नाही.
पण भुयाराचं तोंड उघडं राहिलं,
जिथं दार होतं तिथं थेट धरण,
काळं, पलीकडे कुठल्याशा वस्तीचा एकच दिवा.
वारा आत यायचा, कापड पोट फुगवायचं,
मग सोडायचं.
मी खुर्ची तोंडाशी नेली.
चांदण्यात चुन्याचे चार पांढरे ठिपके
आणि मधलं दबलेलं गवत
हळूहळू उठत होतं.
हजारभर गटांचे नकाशे केले असतील,
रिकाम्या जागेकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं.

सकाळी आठला आली. मुलगी, अडीच किलो.
गाडीत डेटॉलचा वास.
मालननं गाडी मागे घेतली, डोळे तांबारलेले,
मी मागून ओरडत होतो, येऊ दे, येऊ दे, बास.
वाकून पाहिलं.
मागचं चाक खुणेच्या बाहेर, वीतभर.

वीतभर बांधापायी कोर्टाच्या पायरीवर
म्हातारी झालेली माणसं मी पाहिली आहेत,
नेमका तेवढाच फरक.
"परत लावू?" तिनं विचारलं. हात अजून स्टिअरिंगवर.
मी भुयार ओढून बांधलं. तिरकं बसलं,
एका अंगाला सुरकुती, खालून उजेडाची फट.

चहा होईपर्यंत तिचा तिथंच डोळा लागला.
संकपाळांचं मांजर त्या फटीतून आत आलं,
लोणच्याच्या डब्यांना हुंगून,
सीटखाली तिनं काढून ठेवलेल्या चपलांवर बसलं.